रोमन देवाच्या हाताखालचा टेकू

पोलीस ठाणे सौसर, जिल्हा पांढुर्णा (म. प्र.)
दिनांक १८ डिसेंबर २०२५, वार गुरुवार, वेळ सकाळी ११ वाजून २० मिनिटे

नाव: गुणवंता झिबलाजी कामडी
वय: ६८ वर्षे (आधार कार्डावर ६६ आहे, ती शाळेच्या मास्तरांची कृपा)
धंदा: शेती, संत्र्याची बाग
शिक्षण: सातवी पास
राहणार: मु. रामाकोना, तहसील सौसर

मी वर नाव लिहिलेला इसम आज ठाण्यात समक्ष येऊन सांगतो की, मी वरील गावी पत्नी प्रमिला हिच्यासह राहतो. माझी सहाशे चाळीस झाडांची बाग आहे. ठाण्यात मी बस स्टँडपासून चालत आलो, काठीशिवाय. काठी नागपूरला जप्त आहे आणि तिच्यामुळेच हा जबाब लिहावा लागून राहिला आहे.

जबाब नागपूरच्या ठाण्याला पाठवायचा असल्याने मराठीत घेतला जात आहे. लिहून घेणारे प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, अमोल साहेब बोरगावचे आहेत. घरी ते मराठीच बोलतात, पण हात हिंदीला बसलेला आहे, म्हणून वेळ लागतो. मला घाई नाही. माझ्यासोबत आलेला श्रावण मेश्राम, वय ६१, हा तीस वर्षांपासून माझ्या बागेत संत्र्याची तोड करतो. त्याचा जबाब माझ्यानंतर होणार आहे. तो खिडकीतून मधे मधे बोलत होता, म्हणून त्याला समोर चहाच्या टपरीवर पाठवले आहे.

नागपूरहून आलेल्या पत्राचे पहिले पान मला वाचून दाखवले. त्यात लिहिले आहे की, दिनांक १४ डिसेंबर, रविवार रोजी दुपारी नागपूर येथील रावसाहेब देऊळकर वस्तुसंग्रहालयात एका ग्रामीण वृद्ध इसमाने दोरी ओलांडून प्राचीन रोमन मूर्तीला काठी लावली, त्यामुळे मूर्तीचा डावा हात निखळला, आणि एका कंत्राटी कर्मचाऱ्याने नात्यामुळे त्याला मदत केली. ग्रामीण वृद्ध इसम म्हणजे मी. दोरी मी ओलांडली. काठी मीच लावली. यात लपवायचे काय आहे? पण हात काठी लावल्याने निखळला नाही, काठी काढल्याने निखळला. आणि कंत्राटी कर्मचारी म्हणतात ती माझी नात प्रणाली आहे. तिची यात तिळाएवढी चूक नाही, एवढे सांगायला मी आलो आहे. माझे काय व्हायचे ते होऊ द्या.

प्रणाली माझ्या मोठ्या मुलाची मुलगी, वय २४. मुलगा आणि सून पिथमपूरला कारखान्यात आहेत, म्हणून ती दहावीपर्यंत आमच्याकडेच वाढली. इतिहासात एम. ए. केले आणि मार्च महिन्यापासून सदर संग्रहालयात गाईड म्हणून लागली. येत्या सोमवारी, २२ तारखेला, तिची कायम होण्याची मुलाखत आहे. रविवारी सायंकाळी तिला सांगण्यात आले की उद्यापासून येऊ नको. आता ती घरी आहे. सकाळी उठून बागेत ओलित करते. मी विचारले तर म्हणते, 'काई नाई आबाजी, सुट्टी हाय.' जेवते. पण आणखी एक पोळी वाढू का म्हटले की तिला ऐकू येत नाही.

आता हकीकत क्रमाने सांगतो. दिनांक २ डिसेंबर, मंगळवारी सायंकाळी सातच्या सुमारास प्रणालीचा फोन आला. ती म्हणाली, "आबाजी, आमच्या देवाच्या खांद्यातून भुकटी पडून राहिली."

मी म्हटले, "कोणता देव?"

"रोमन हाय. इटलीहून चार महिन्यांसाठी आणला. सिल्वानस नाव हाय त्याचं. झाडांचा, बागांचा देव. त्याच्या एका हातात कोयता हाय अन् दुसऱ्या हातावर फळं हायेत."

"मंग तो आपलाच माणूस हाय. भुकटी कशी हाय? पिठावानी का दाणेदार?"

"दाणेदार. मिठावानी."

"खांद्यातूनच पडते का आणखी कुठून?"

"डाव्या खांद्यातून. ज्या हातावर फळं हायेत तोच. मी आमच्या मोठ्या साहेबांना, श्रीधर सरांना सांगतलं. ते म्हणाले, जुना दगड आहे, थोडं पडणारच, पुसून घेत जा."

अमोल साहेब विचारतात की दाणेदार आणि पीठ यात काय फरक. तो सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. संत्र्याच्या खोडाला अळी लागली की खाली भुसा पडतो. जुना भुसा पिठासारखा असतो, वाऱ्याने कुठूनही येतो. ताजा भुसा दाणेदार असतो, म्हणजे आत काम चालू आहे. आमच्या घरी माझ्या बापापासूनची रीत आहे की रोजचा भुसा संध्याकाळी गोळा करून कागदाच्या पुडीत बांधायचा आणि पुडीवर तारीख टाकायची. आठ-दहा पुड्या झाल्या की ओळीने मांडून पाहायच्या. भुसा कमी होत गेला तर औषध लागू पडले. वाढत गेला तर ते झाड हातचे चालले. पाहून झाले की पुड्या तिथेच झाडाच्या बुडाशी जाळून टाकायच्या, नाही तर अळी दुसऱ्या झाडाला जाते. प्रणाली आठ वर्षांची होती तेव्हापासून आमच्या बागेतल्या पुड्या तीच बांधायची, कारण तिचे अक्षर चांगले आणि माझे कोणाला वाचता येत नाही.

म्हणून मी फोनवर तिला पुडीचे सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "पहिली पुडी बांधून ठेवली आबाजी." मला त्या वेळी फार बरे वाटले. मी तिला सांगितले की, रोज बांध, मी येऊन पाहतो.

दिनांक १४ रोजी रामाकोना आणि मोहगाव येथील आम्ही बावीस संत्रा बागायतदार गाडी करून नागपूरला कृषी प्रदर्शन पाहायला गेलो. तिथे फवारणीचा ड्रोन उडवून दाखवत होते. तो एकदा उडाला, मग झाडात अडकला. तेवढे पाहून मी, प्रमिला आणि श्रावण असे तिघे ऑटो करून संग्रहालयात गेलो. दुपारचा दीड वाजला होता. प्रणाली फाटकावर उभी होती. गळ्यात तिचे ओळखपत्र होते, साडी नेसलेली होती. प्रमिला म्हणाली, "पाहा बाई, आपली पोरगी मॅडमच दिसते." प्रणाली म्हणाली, "आजी, इथं हळू बोलावं लागते."

फाटकावरच तिने रुमालात बांधलेल्या अकरा पुड्या माझ्याकडे दिल्या. मी उभ्या उभ्या पहिली आणि शेवटची अशा दोन उघडून पाहिल्या. पहिलीत चिमूटभर, शेवटचीत चमचाभर. मी पुड्या परत बांधल्या, रुमाल बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि म्हटले, "चाल, दाखव तुझं झाड."

दारावरच्या शिपायाने म्हातारा माणूस म्हणून माझी काठी आत जाऊ दिली. ती काठी बांबूची आहे, तीन फूट लांब, खाली रबरी बूच आणि वर बेचके. बेचक्यात अंगठा बसतो, आणि बागेत उंच फांदी खाली ओढायलाही कामी पडते. श्रावणला थंडी फार वाजते. त्याच्या अंगावर जाड सोलापुरी चादर होती. शिपायाने विचारले, "ही कशाला?" श्रावण म्हणाला, "मी तुमच्या एसीची बातमी ऐकूनच आलो." त्यालाही आत जाऊ दिले.

मूर्ती आतल्या दालनात एका काळ्या चौथऱ्यावर उभी होती. सभोवती लाल दोरी. उंची साडेतीन फूट असेल. पांढरा दगड, दाढीवाला माणूस, डोक्यावर पानांची माळ, अंगावर बकऱ्याचे कातडे तिरपे टाकलेले आणि बाकी काही नाही. कातड्याचा ओचा डाव्या हातावर धरलेला आणि त्यात द्राक्षे, डाळिंब आणि आणखी दोन-तीन प्रकारची फळे भरलेली. उजव्या हातात छाटणीचा कोयता. पायाजवळ एक कुत्रा. नाक अर्धे गेलेले.

प्रमिलाने पाहिले, पदर सावरला आणि म्हणाली, "थंडी वाजत असन बिचाऱ्याले." श्रावणचे आजोळ पांढुर्ण्याला नदीकाठी आहे, जिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन काठांवरचे लोक एकमेकांना गोटे मारतात. तो नाकाकडे पाहून म्हणाला, "हा गोटमारीले येऊन गेला वाटते." श्रावणच्या स्वतःच्या भुवईवर गोटमारीचा व्रण आहे, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क आहे. प्रणालीने आम्हाला सगळी माहिती दिली. अठराशे वर्षे जुनी मूर्ती. रोमन शेतकरी बागेच्या हद्दीवर याची पूजा करत आणि पहिले फळ याला ठेवत. ती आम्हाला अहो-जाहो करून सांगत होती, जसे बाकीच्यांना सांगते तसे. इतके चांगले कोणी मला समजावून सांगितले असते तर मी सातवीत थांबलो नसतो.

मी मूर्तीला हात लावला का, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. आमचे जामसावळीचे मारुतीराय झोपलेले आहेत, त्यांनाही आम्ही लांबूनच हात जोडतो. देवाच्या अंगाला हात लावायची आम्हाला सवय नाही. मी फक्त पाहिले, जसे झाड पाहतो तसे, आधी खालून.

खाली काळ्या चौथऱ्यावर डाव्या बाजूला पांढरी भुकटी होती. त्या दिवशी प्रणालीने मला दिसावी म्हणून ती पुसली नव्हती. वर खांद्यापाशी केसासारखी एक भेग होती आणि भेगेतून तांबडा ओघळ आलेला होता. तो जुना असेल असे म्हणालो असतो, पण त्याच्या टोकाला ओल होती. आता असे पाहा, सगळा फळांचा भार त्या एका हातावर. आमच्या बागेत एवढी लदलेली फांदी असती तर दिवाळीलाच तिच्याखाली बांबू गेला असता. ज्याने मूर्ती घडवली त्याला टेकूचे समजत नव्हते असेही नाही. देवाच्या पायामागे त्याने दगडातच झाडाचे खोड कोरून आधार दिला आहे. प्रणाली म्हणाली की दगडाच्या मूर्तीला असा आधार देतच असत. म्हणजे पायाला दिला आणि हाताला द्यायचा राहिला.

मी प्रणालीला म्हटले, "ही फांदी आज उतरते."

ती म्हणाली, "आबाजी, नक्की?"

मी म्हटले, "पोरी, मी कधी फांदीचं खोटं सांगतलं का तुले?"

ती श्रीधर साहेबांना बोलवायला गेली. साडीत जेवढे पळता येते तेवढी पळत गेली. हे ठळक लिहावे. मी दोरी ओलांडली तेव्हा ती दालनात नव्हती. ती जे करायला पाहिजे तेच करत होती.

ती गेल्यावर साधारण दोन मिनिटांनी शेजारच्या दालनाचे मोठे दार कोणीतरी जोरात लावले. मूर्तीच्या खांद्यातून हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा निघून चौथऱ्यावर पडला. टक असा आवाज झाला. तो आवाज मी ओळखतो. त्यानंतर बागेत आपल्याकडे फार वेळ नसतो. मी दोरी ओलांडली. कुठेतरी घंटी वाजायला लागली. मी काठीचे बूच चौथऱ्यावर टेकवले, बेचके देवाच्या कोपराखाली बसवले आणि काठी तिरपी केली. टेकू सरळ लावायचा नसतो, सरळ टेकू सरकतो. हे सर्व करताना माझे बोट मूर्तीला लागले नाही. काठी बसली आणि भुकटी पडायची बंद झाली. श्रावणने पाहिले आहे.

घंटी वाजल्यावर दोन शिपाई, त्यांच्यामागे श्रीधर साहेब आणि प्रणाली असे आले. श्रीधर साहेबांचे वय पन्नास असेल, चष्मा, सभ्य गृहस्थ. त्यांचा चेहरा पाहून मलाच त्यांची कीव आली. ते ओरडले, "काठी काढा. आधी ती काठी काढा."

मी म्हटले, "साहेब, काढू नका. ते उतरून राहिलं. खाली काहीतरी मऊ अंथरा, मंग काढा."

ते म्हणाले, "तुम्ही बाजूला व्हा."

मी पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदाही सांगितले, हात जोडून. प्रणाली म्हणाली, "सर, प्लीज, काठी राहू द्या. हात खाली येईल. मी तुम्हाला दोन तारखेपासून सांगते आहे." श्रीधर साहेबांनी तिच्याकडे पाहिले नाही. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायाने काठी धरली.

इथे श्रावणने काय केले ते तो स्वतः सांगेल, पण त्याला जास्त बोलायची सवय आहे म्हणून मी थोडक्यात सांगतो. त्याने अंगावरची चादर काढली आणि एक बाजू माझ्याकडे फेकली. आम्ही दोघे तीस वर्षे एकाच झाडाखाली चादर धरत आलो आहोत. उंच शेंड्यावरचे फळ हाताला येत नाही तेव्हा फांदी हलवतात आणि दोघे खाली चादर ताणतात, म्हणजे फळाला मार लागत नाही. त्यामुळे आम्हाला एकमेकांना काही सांगावे लागले नाही. प्रमिलाने तिसरा कोपरा धरला. चौथा लोंबत होता, तो प्रणालीने धरला. पत्रात जिला मदत म्हटले आहे ती हीच. चादरीचा एक कोपरा. तिने तो धरला नसता तर देवाचा हात त्या बाजूने घसरून फरशीवर गेला असता.

शिपायाने काठी ओढली. हात लगेच आला नाही. श्रीधर साहेब म्हणाले, "पाहिलंत? काही होत नाही—" आणि हात आला. ओच्यासकट, फळांसकट, अख्खा. चादरीच्या बरोबर मधोमध पडला. श्रावण सवयीने ओरडला, "आली." तोडीच्या वेळी तो प्रत्येक फळाला असेच ओरडतो. मी त्याला दहा वेळा सांगितले आहे.

आम्ही चादर हळूच खाली ठेवली. एकही फळ फुटले नव्हते, द्राक्षाचा दाणासुद्धा गेला नव्हता. वजन मी आठ किलो म्हणतो, श्रावण नऊ म्हणतो. हाताच्या तुटल्या बाजूला, बरोबर मधे, बोटाएवढी लोखंडी सळई होती आणि ती गंजून फुगलेली होती. म्हणजे हा हात पूर्वी कधीतरी निखळला होता, कोणीतरी सळई घालून जोडला होता आणि आता ती सळईच आतून दगड फोडून राहिली होती. आमच्याकडे याला खोडातली अळी म्हणतात. तिकडे काय म्हणतात ते श्रीधर साहेबांना माहीत असेल.

श्रीधर साहेब फरशीवर बसले. प्रमिलाने त्यांना आपल्या बाटलीतले पाणी दिले. ते त्यांनी प्यायले आणि आभार मानले. माणूस वाईट नाही. इटलीवाल्यांना फोन करायचा होता, वरच्यांना सांगायचे होते, त्यांची बुद्धी चालेना. तासाभराने पोलीस आले. माझी काठी आणि श्रावणची चादर जप्त केली. श्रावण परतीच्या गाडीत रामाकोन्यापर्यंत दोन पोत्यांत बसून आला. गाडीत सगळ्यांनी आमची भरपूर टिंगल केली. मोहगावचे लोक आता मला रोमन म्हणतात. ते चालते.

एवढी हकीकत सांगून झाल्यावर अमोल साहेबांनी पत्राचे दुसरे पान वाचले. ते मी आज पहिल्यांदाच ऐकले. त्यात लिहिले आहे की, सदर कंत्राटी कर्मचारी असा बनाव करते की मूर्तीतून अकरा दिवस भुकटी पडत होती आणि तिने ती रोज गोळा करून ठेवली होती. परंतु तिच्याकडे मागणी केली असता ती असा कोणताही नमुना सादर करू शकली नाही. तिने स्वतःच सांगितले की, तो तिच्या आजोबांनी टाकून दिला असेल. सबब तिचे म्हणणे खोटे समजून २२ तारखेपासून तिचा करार रद्द करण्यात यावा.

मी अमोल साहेबांना ते पान पुन्हा वाचायला सांगितले. त्यांनी वाचले.

आता जे सांगतो ते जसेच्या तसे लिहावे. प्रणालीने मला यातले काही सांगितले नाही. चार दिवस ती माझ्यासमोर बागेत फिरते आहे. आपल्याकडे पुड्या पाहून झाल्या की जाळतात, तिने लहानपणी माझ्याच हाताने जाळलेल्या पाहिल्या आहेत. म्हणून तिने मला विचारलेसुद्धा नाही. विचारले असते तर आबाजीला वाटेल की आपल्यामुळे पोरीचे काम गेले, म्हणून ती गप्प बसली. मी तिला ओळखतो. ती आठ वर्षांची असताना तिच्या हातून कलमाचे रोप मोडले होते, तेही तिने तीन दिवस सांगितले नव्हते. आणि मी रविवारी एवढ्या गडबडीत पुड्यांना साफ विसरलो. ही माझी चूक आहे. दोरी ओलांडल्याची मला लाज नाही, याची आहे.

मी ज्या बंडीत नागपूरला गेलो ती माझी एकच चांगली बंडी आहे. लग्नाला, गावाला आणि दवाखान्याला जाताना घालतो. घरी आल्या आल्या प्रमिलाने ती खुंटीला लावली आणि धुतली नाही, कारण एकदाच घातली होती. आज ठाण्यात यायचे म्हणून मी तीच घातली. दुसरे पान ऐकल्यावर मी आतल्या खिशात हात घातला. रुमाल तिथेच होता.

सदर रुमाल मी अमोल साहेबांच्या टेबलावर ठेवला. पंच म्हणून समोरचे टपरीवाले केशवराव आणि त्यांच्याकडे चहा पीत असलेले एक गृहस्थ यांना आत बोलावले. त्यांच्यासोबत श्रावणही न बोलावता आला. त्यांच्यासमक्ष अकरा पुड्या उघडल्या. प्रत्येकीत पांढरी, दाणेदार भुकटी आहे. पहिलीत सर्वांत कमी, शेवटचीत सर्वांत जास्त, हे केशवरावांनी आपणहून सांगितले. प्रत्येक पुडीवर पेनाने तारीख आहे. अक्षर प्रणालीचे आहे.

अमोल साहेब म्हणाले की, "आजोबा, तारीख तर कोई भी नंतर टाकू शकते. वकील हेच म्हणणार." श्रावणने एका पुडीचा कागद उलटा केला. पुड्या साध्या कागदाच्या नव्हत्या. लोक परत जाताना तिकिटाचा जो अर्धा तुकडा टोपलीत टाकतात, त्या तुकड्यांत बांधलेल्या होत्या. प्रत्येकावर संग्रहालयाचे नाव आणि मशीनने छापलेली तारीख आणि वेळ आहे. अकराही पाहिल्या. पेनाची तारीख आणि छापील तारीख एकच आहे. २ डिसेंबरपासून १३ डिसेंबरपर्यंत सलग आहेत, फक्त ८ तारखेची पुडी नाही. अमोल साहेबांनी मोबाईलवर पाहिले. त्या दिवशी सोमवार होता. संग्रहालय बंद होते.

यावर अमोल साहेबांनी पेन खाली ठेवला आणि केशवरावांना सगळ्यांसाठी चहा आणायला सांगितला. तो आम्ही घेतला.

माझी आणखी दोन म्हणणी आहेत. काठी मला लगेच परत नको. हात जोडेपर्यंत ती देवापाशीच राहू द्यावी, उजव्या हातालाही तशीच सळई असेल तर कामी पडेल. लावताना तिरपी लावावी. चादर मात्र परत द्यावी, कारण श्रावण सकाळपासून माझे घोंगडे घेऊन बसला आहे.

दुसरे असे की, नागपूरहून आलेली दोन्ही पाने मी आता नीट पाहिली. त्यात श्रीधर साहेबांचे नाव चार वेळा आहे. मूर्तीचे नाव सहा वेळा आहे. दालनाला, दोरीला क्रमांक आहेत. जिने बारा दिवस आधी भुकटी ओळखली तिचे नाव एकदाही नाही, सगळीकडे कंत्राटी कर्मचारी लिहिले आहे. अमोल साहेबांनी सुरुवातीलाच सुचवले होते की मी नात नात म्हणू नये, नात्याने जबाब हलका होतो. तेव्हा मी ऐकले नाही. आता त्यांचे म्हणणे पटते. म्हणून शेवटी असे लिहावे की, मूर्तीचा हात निखळणार हे सर्वप्रथम ज्यांनी ओळखले, वरिष्ठांना वेळेत सांगितले आणि रोजचा पुरावा तारखेनिशी ठेवला, त्यांचे नाव प्रणाली विजय कामडी, एम. ए., गाईड, रावसाहेब देऊळकर वस्तुसंग्रहालय, नागपूर.

हा जबाब अमोल साहेबांनी मला पहिल्यापासून सावकाश वाचून दाखवला. शेवटची ओळ मी दोनदा वाचायला लावली. सगळे मी सांगितले तसेच आहे. नाव बरोबर आहे.

सही: गुणवंता झिबलाजी कामडी